शेवाळाच्या कडेला उलटवलेली कयाक

मी, ऑरेलिया बुस्तामान्ते, वय ६१ वर्षे, धंदा शाळेच्या बसची चालक, राहणार चुला व्हिस्टा, जिल्हा सॅन डिएगो, आज बंदर पोलीस चौकीत आपण होऊन हजर झाले असून विचारल्यावरून समक्ष सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझा धाकटा भाऊ एफ्राइन, वय ५४, असे राहतो. एफ्राइनचे केस कापण्याचे दुकान आहे. सोमवारी ते बंद असते, तेव्हा आम्ही दोघे आपापली कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद होडी, घेऊन मासेमारीस जातो.

काल सोमवारी उजाडल्यावर आम्ही ला होयाच्या किनाऱ्यावरून कयाक पाण्यात लोटल्या. दोन्ही नारिंगी आहेत. एफ्राइनच्या कयाकवर उंच काठीला झेंडी होती. धुके नव्हते. समुद्रातले शेवाळाचे रान जिथे संपते त्या कडेला बांगडे लागतात. मोठ्या माशाला जिवंत आमिष लागते, म्हणून आधी बांगडे धरावे लागतात. त्यासाठी एकाच दोरीला ओळीने बारीक गळ असतात. एफ्राइनने बरेच बांगडे धरून भोके पाडलेल्या बादलीत सोडले होते. ती बादली कयाकला बांधून पाण्यात तरंगत ठेवलेली होती.

तेवढ्यात एक पांढरी मोटरबोट आमच्याजवळ येऊन थांबली. चालवणाऱ्या इसमाचे नाव ग्रेडी व्हिटकम. त्याची बोट याच बंदरात असते व त्याने पूर्वीही आम्हांस हटकले आहे, म्हणून मी त्यास ओळखते. सोबत एक बाई होती. तिचे नाव मला माहीत नाही.

व्हिटकम म्हणाला, "चला, सरका. मला आमिषाची टाकी भरायचीय."

एफ्राइन म्हणाला, "भरा की. कड केवढी लांब आहे."

"मासे इथे आहेत. वल्हं मारणाऱ्यांनी किनाऱ्यालगत खेळावं."

त्यावर एफ्राइन म्हणाला, "का हो, दर्या काय सासऱ्याने आंदण दिलाय?"

बोटीवरची बाई हसली. ती हसल्यावर व्हिटकमचा चेहरा बदलला. तो बोट लांब घेऊन गेला. आम्हांस वाटले, गेला.

तो तिथून वळला आणि पूर्ण वेगाने सरळ एफ्राइनच्या रोखाने आला. अगदी जवळ आल्यावर त्याने बोट झटक्यात वळवली. तिची लाट एफ्राइनच्या कयाकला आडवी बसून ती उलटली. मी शेवाळाच्या आत होते, म्हणून वाचले. विचारले असता सांगते की, त्याला आम्ही दिसलो नाही असे तो म्हणत असल्यास ते खोटे आहे. दिसत नसलेल्या माणसांशी तो बोलला कसा?

एफ्राइनच्या अंगात तरंगते जाकीट होते. परंतु बांगडे धरायच्या दोरीचे काही गळ त्याच्या उजव्या हातात रुतले व बाकीचे शेवाळाच्या देठात. ते देठ तळापासून वर आलेले व चिवट असतात. प्रत्येक लाटेसरशी हात खाली ओढला जाई व तोंड पाण्यात जाई. मी पोहोचून चाकू काढला. दोरी अंगठ्याभोवती आवळली होती. तोंड वर आले तेव्हा तो म्हणाला, "काप, ताई. थांबू नकोस." मी कापले. याबाबत मला अधिक सांगायचे नाही.

बोट तोवर हाकेच्या अंतरावर उभी होती. मी मदतीसाठी ओरडले. बाई म्हणाली, "ग्रेडी, घे त्याला वर. रक्त दिसतंय." तो म्हणाला, "त्यांना येतंय पोहता." नंतर त्याने आकडीच्या काठीने आमची सुटलेली बादली उचलली, बांगडे स्वतःच्या टाकीत ओतले, रिकामी बादली पाण्यात फेकली व मासेमारीस निघून गेला. हे वेगळे नोंदवावे.

किनाऱ्यावरील जीवरक्षकांनी आम्हांस आणले. एफ्राइन इस्पितळात आहे. उजव्या अंगठ्याचा स्नायू कापला गेला आहे. कात्री धरता येईल का, असे तो डॉक्टरांना विचारत होता.

काल संध्याकाळी व्हिटकम फुले घेऊन इस्पितळात आला. म्हणाला, "बाई, लाट काय कुणाला सांगून येते? गैरसमज नको." मी विचारले, "मग बांगडे कशाला उचललेस?" त्याने फुले पुढे केली. फुले मी घेतली नाहीत. एफ्राइन म्हणतो, "जाऊ दे ताई, जिवंत आहे ना मी." मी जाऊ देणार नाही. बोटीवरील बाईचा शोध घेऊन तिला विचारावे. तिने सर्व पाहिले आहे.

पहिल्या प्रतीत दोन ठिकाणी 'अपघात' असे टंकले होते. ते खोडून 'बोट अंगावर घातली' असे लिहिल्यावरच मी सही करीत आहे. बाकी मजकूर मला वाचून दाखवला, तो मी बोलले तसाच आहे व खरा आहे. माझ्या भावाचा जबाब घेण्यास जाल तेव्हा शाईचा पॅड सोबत न्यावा. उजव्या हाताने त्याला सही करता येत नाही, डाव्या अंगठ्याचा ठसा घ्यावा लागेल.