तिसरा पेला

(बोर्दोजवळचा एक द्राक्षमळा, शातो ब्रुसेयाक. जानेवारीतली सकाळ. पिंपांच्या कोठारात म्हातारा आन्सेल्म आणि त्याची मुलगी सोलेन. टेबलावर तीन पेले.)

सोलेन : वास घेऊन झाला असेल तर चाखा आता. हात गारठले माझे.

आन्सेल्म : वर्षभर राबलोय ह्या पेल्यांसाठी. घाई कसली?

सोलेन : ठरलंय ते लक्षात आहे ना? मळ्याच्या कुठल्या तुकड्यातली कुठली वाइन, ते मी आधी सांगणार नाही. तुम्ही हो म्हणाल तीच वाइन शातोच्या नावाने बाटलीत जाणार. आईचा तुकडा बाद झाला तर तिथल्या वेली उपटायच्या, नव्या लावायच्या. मग रुसायचं नाही.

आन्सेल्म : मी कधी रुसलो?

सोलेन : गेल्या वर्षी. आठवडाभर मुकाट्याने सूप पीत होतात.

आन्सेल्म : सूपच बेचव होतं. हं... ही पहिली ठणठणीत आहे. शातोच्या बाटलीत घे.

सोलेन : थुंका, गिळू नका. अजून दोन आहेत.

आन्सेल्म : तू पाळण्यात होतीस तेव्हापासून थुंकतोय, मला शिकवतेस? ही दुसरी नदीकडची. चिखल लागतोय. स्वस्तातल्या बाटलीत घाल.

सोलेन : आणि तिसरी?

आन्सेल्म : छान आहे.

सोलेन : बघा! जिंकलात. तिसरी आईच्या तुकड्यातली.

आन्सेल्म : तिसरी पहिलीच्याच पिंपातली आहे.

सोलेन : काहीतरीच काय!

आन्सेल्म : सोलेन.

सोलेन : ...हो. त्याच पिंपातली.

आन्सेल्म : वेली उपटा, वेली उपटा म्हणून माझं डोकं खातेस, आणि आज मलाच जिंकवायला निघालीस?

सोलेन : सकाळी दाढी करून, लग्नातला कोट घालून आलात. कोठारात! मला बघवेना, पपा.

आन्सेल्म : खरी कुठाय?

सोलेन : त्या पिंपामागे ठेवलीय. राहू द्या ना. आता मीच म्हणतेय, राहू देत वेली.

आन्सेल्म : आण इकडे.

सोलेन : घ्या. ...कशी आहे?

आन्सेल्म : सुरुवात गोड. मग मध्येच सोडून जाते.

सोलेन : थुंकला नाहीत.

आन्सेल्म : ओदेतची आहे. थुंकू कशी? थंडीने अख्खा मळा मेला, तेव्हा तू पोटात असताना तिने लावल्या ह्या वेली. मी नको म्हणत होतो. ऐकतेय कुठली!

सोलेन : मग थोडीशी मिसळू. कुणाला कळणार आहे?

आन्सेल्म : तिला कळलं असतं. मला चाखायला शिकवलं कुणी? माझ्या जिभेला आधी सगळंच गोड लागायचं. बाद कर.

सोलेन : नक्की?

आन्सेल्म : नक्की. माणसं बोलाव उपटायला. आणि माझी कात्री कुठाय?

सोलेन : आता कात्री कशाला?

आन्सेल्म : तिकडची छाटणी राहिलीय.

सोलेन : उपटायच्याच वेली छाटून काय करणार?

आन्सेल्म : तुझी आई केस विंचरल्याशिवाय कधी घराबाहेर पडली का?

सोलेन : ...थांबा, माझीही कात्री आणते. आणि टोपी घाला, बाहेर दव गोठलंय.