कप्तान, तुम्ही चुकीच्या दिशेने जात आहात

...आणि का विचारायचं नाही, हेसुद्धा विचारायचं नाही, आता बोला! नियम म्हणजे नियम. घराचा उंबरा ओलांडला की रस्ता मोठे काका ठरवणार. पुढे काका, त्यांच्यामागे बाबा, बाबांमागे आत्या, आत्यामागे आई, आणि सगळ्यांत शेवटी मी, शेपटाच्या टोकासारखी. समजा काका चुकले तर? तुम्हाला सांगते, हा प्रश्न मी सहा वर्षांची असताना विचारला होता. एका लग्नाला निघालो होतो आणि पोचलो तेव्हा मांडववाले खुर्च्या उचलत होते. तेव्हा बाबांनी मला बाजूला घेऊन समजावलं, की काका चुकत नाहीत. फार तर लांबून जातात.

आता काकांचंही खरं आहे म्हणा. चौतीस वर्षं त्यांनी या शहरात टपाल वाटलंय. कोणत्या दारात कुत्रं आहे आणि कोणत्या खिडकीत चिडकी सासू, सगळं तोंडपाठ. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. पण काका निवृत्त झाले, त्यांच्या डोक्यातलं शहर नाही झालं. ते जिथे होतं तिथेच उभं आहे, सायकल टेकवून.

तर झालं असं, की मला नोकरी लागली. परगावी. आणि कसली लागावी? रस्ते मोजायची! इंजिनिअरिंगची चार वर्षं मी घासली, पहिल्या फटक्यात निवड झाली, एक तारखेला हजर व्हायचं, होकार सोमवारपर्यंत कळवायचा. घरात बैठक बसली. आई काही बोलली नाही, कारण बैठकीत आई चहा आणते. बाबा म्हणाले, दादा म्हणेल तसं. आत्या म्हणाली, तिकडचं पाणी कसं असेल कोण जाणे. आणि काका म्हणाले, परक्या शहरात ही रस्ता कसा शोधणार? म्हणजे मी! जिला यांनी आयुष्यात एक वळण स्वतः घेऊ दिलं नाही, ती रस्ता कसा शोधणार!

मी पण हट्टाला पेटले. मोबाइलवर एक खेळ आलाय, शहरात फिरून खजिना शोधायचा. कोडं येतं, त्यावरून जागा ओळखायची, तिथे सगळ्या चमूने उभं राहून फोटो काढायचा, की पुढचं कोडं. दहा जागा, तीन तास. मी म्हटलं, काका, तुम्हा सगळ्यांना घेऊन या दहा जागा शोधून दाखवते, मग तरी पाठवाल? काकांनी चष्मा पुसला, खूप वेळ पुसला, आणि म्हणाले, चालेल, बघू या.

आणि मी मूर्ख, खूश झाले. कारण त्या खेळात एक कप्तान असतो. कोडी त्याच्याच फोनवर येतात. आणि कप्तान कोण होणार? घरातलं मोठं माणूस. म्हणजे शोधून मी दाखवायचं, आणि पुढे काका! नियम म्हणजे नियम.

रविवारी दहाला निघालो. आत्याच्या पिशवीत पाण्याच्या तीन बाटल्या, छत्री, बसायला वर्तमानपत्र आणि गुडघ्याचं मलम. काकांना ऐकायला कमी येतं म्हणून फोनचा आवाज फुल्ल. पहिलं कोडं सोपं होतं, चार तोंडांचं घड्याळ. काका सरळ मनोऱ्याखाली घेऊन गेले, फोटो निघाला, आठ मिनिटांत काम फत्ते. मला वाटलं, अरे, हे तर जमतंय की!

दुसरं कोडं आलं, पायाशी सदा पाणी, तरी ओठ कोरडे. अहो, शेंबडं पोरही सांगेल, कारंज्यातला पुतळा! समोर दिसत होता. पण काका थबकले, डोळे मिटले, आणि म्हणाले, कळलं, टाकीखालचा शिंपी. त्याच्या दारात म्हणे बारा महिने टाकीचं पाणी साचलेलं असायचं, आणि चौतीस वर्षांत त्याने एकदाही घोटभर पाणी विचारलं नाही. झालं, वरात निघाली शिंप्याकडे, पुतळ्याकडे पाठ करून. आणि तेवढ्यात काकांच्या खिशातून एक बाई बोलली. गोड आवाज, अगदी शांत, आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा.

"कप्तान, तुम्ही चुकीच्या दिशेने जात आहात."

तुम्हाला सांगते, आमची रांग जागच्या जागी थिजली. आमच्या घराण्यात हे वाक्य आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. बाबा आकाशाकडे बघायला लागले. काकांनी फोन बाहेर काढून त्याच्याकडे असं बघितलं, की तो माझा फोन असता तर बंदच पडला असता. हिने कधी या भागात टपाल वाटलंय का, असं त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, नवीन असेल ती. आणि आई... आई माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "ती परत कधी बोलेल गं?"

शिंपी तिथून कधीच गेला होता. त्याच्या जागी दातांचा दवाखाना निघालाय. काउंटरवरच्या मुलीला काकांनी शिंप्याची तीन पिढ्यांची माहिती दिली, तिने विचारलं नंबर लावलाय का, आणि आत्या, खुर्ची दिसली म्हणून बसलेली, ती थेट आत जाऊन दाढ दाखवून आली. एक तास! बाहेर पडल्यावर मी म्हटलं, काका, आपण... तर बाबांनी माझा हात दाबला. काका चुकत नाहीत. फार तर लांबून जातात.

मग मी अक्कल चालवली. तोंड शक्य तितकं भोळं केलं आणि म्हटलं, काका, मघाशी तुम्हीच म्हणालात ना, कारंज्यातला पुतळा एकदा बघू या म्हणून? काकांनी क्षणभर विचार केला. म्हणाले, म्हणालोच होतो, ऐकतंय कोण? आणि गेले की हो! पुतळा झाला. मग काय विचारता, तुम्हीच म्हणालात ना म्हणत लोखंडी पूल केला, तुम्हीच म्हणालात ना म्हणत नाटकगृहाचा मागचा दरवाजा केला, बागेतलं सूर्यघड्याळ केलं, धावत-पळत नऊ जागा पुऱ्या केल्या. मध्ये दोनदा काका आपल्या मनाने वळले, दोनदा ती बाई बोलली, आणि दोन्ही वेळा आईची चाल हलकी झाली. फक्त माझाच जीव जळत होता. कारण प्रत्येक फोटोत काका मधोमध, छाती काढून, आणि बाबा सांगतायत, बघ, दादाला कसं बरोबर सापडतं. म्हणजे नवांतल्या आठ जागा शोधल्या मी, आणि रस्ता कोणाला सापडतो? काकांना. मग परगावी कोणाला सापडणार नाही? मला!

शेवटचं कोडं एक वाजायला बारा मिनिटं असताना आलं. हजारो निरोप जिथे येतात, पण मुक्काम करत नाहीत. काका वाचता वाचता थांबले. आणि हसले. अहो, त्यांचंच जुनं टपाल कार्यालय! चौतीस वर्षांचं! कोडं यांनी सोडवलं, खरोखर यांनीच सोडवलं, मला इतका आनंद झाला म्हणून सांगू... आणि काका डावीकडे वळले.

डावीकडे त्यांची गल्ली. रोज सायकल घालायचे ती, थेट कार्यालयाच्या मागच्या फाटकाला लागणारी. पण त्या गल्लीच्या टोकाला दोन वर्षांपूर्वी वाहनतळाची भिंत उभी राहिलीय, दोन माणसं उंच. कॉलेजच्या बसमधून मला ती रोज दिसायची. तुम्हीच म्हणालात ना, हे वाक्य तोंडात आलं होतं, अगदी दातांपर्यंत आलं होतं. मी ते गिळलं.

"काका, ती गल्ली बंद आहे."

सगळे थांबले. काका वळले, रागावले नाहीत, उलट मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तीच तर पंचाईत.

"बाळा, चौतीस वर्षं मी इथून गेलोय. तुझ्याच गावात तुला रस्ता दाखवायला मी लागतो. तिकडे कोण आहे तुला? नोकरीचं आपण पुढच्या वर्षी बघू."

आत्याने मान डोलावली. बाबांनी चपलेकडे बघितलं. नऊ मिनिटं उरली होती.

"नाही काका," मी म्हटलं. "मी उजवीकडून जाणार आहे. आणि एक तारखेला तिकडेही जाणार आहे. खेळ जिंकलो तरी, आणि हरलो तरी."

आणि निघाले. कोणी काही बोललं नाही. आत्यासुद्धा नाही, जिला सुतकातही गप्प बसवत नाही! मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, नाहीतर पाय वळले असते. फोटोला सगळे लागतात, हे मला माहीत होतं. आले नाहीत तर खेळ संपला, हेही माहीत होतं. वीस पावलं गेले. मागे आईच्या चपलेचा आवाज आला, तो मी झोपेतही ओळखते. मग आत्याची पिशवी खुळखुळली. आणि मग पाठीमागून, अगदी जवळून, काकांच्या खिशातली बाई शांतपणे म्हणाली,

"कप्तान, तुम्ही योग्य दिशेने जात आहात."

दोन मिनिटं शिल्लक असताना कार्यालयाच्या पायरीवर फोटो निघाला. त्यात काका कडेला उभे आहेत आणि लाल पेटीवर हात ठेवलाय. बक्षीस म्हणून पडद्यावर फटाके उडाले.   सोमवारचा होकार मी तिथेच पायरीवर बसून पाठवून टाकला, सगळ्यांच्या देखत, आणि कोणी हूं की चूं केलं नाही.

मग घरी निघायचं, तर कोणी हलेचना. सगळे माझ्याकडे बघत उभे. शेवटी मीच पुढे झाले. मागे काका, काकांमागे बाबा, बाबांमागे आत्या, आणि आई. आणि तुम्हाला सांगते, पहिल्याच चौकात मी भलत्या रस्त्याला वळले. वीस पावलांत माझ्या लक्षात आलं. काकांच्या तर कोपऱ्यावरच आलं असणार, तो रस्ता त्यांनी चौतीस वर्षं तुडवलाय. पण खेळ संपला होता, खिशातली बाई बंद होती, आणि माझ्यामागे चौघंही मुकाट चालत होते, मान खाली घालून, एका रांगेत. वळू का परत? तोंड वर करून सांगू का यांना...

नाही सांगितलं. आणि हे बघा, चुकले वगैरे नाही हं मी. फार तर जरा लांबून गेले.