साळुबाईची हरकत

(ग्रामपंचायतीचं कार्यालय. शुक्रवार, संध्याकाळचे पावणेपाच.)

साळुबाई : ते 'नम्र विनंती' खोडा आदी. ग्रामसेवक मॅडम, मी विनवायला न्हाई आले, भांडायला आले.

वृषाली : आजी, अर्जाची सुरुवात तशीच असते. पाच वाजता हरकती घेणं बंद होईल. तुम्ही कारण सांगा, मी लिहिते.

साळुबाई : कारण काय सांगायचं? घर माझं. मी अन् माझ्या मालकानं घमेली वाहून बांधलेलं. कॉलेजात परीक्षेला लांबलांबच्या पोरी येत्यात. दोन दिस, चार दिस माझ्या पुढच्या खोलीत ऱ्हात्यात, माझ्या हातची भाकरी खात्यात अन् जात्यात. त्यात पंचायतीच्या पोटात का दुखतंय?

वृषाली : दिवाळीत फाट्यावरच्या बंगल्यात काय झालं, माहीत आहे ना? पोरांनी दोन दिवसांसाठी घेतला, दारू पिऊन मारामारी केली, एकाचं डोकं फुटलं. मालक तिकडं पुण्यात. म्हणून हा नियम येतोय. महिन्याच्या आतल्या मुदतीसाठी भाड्यानं घर द्यायचं, तर कुटुंबातलं साठीच्या आतलं माणूस तिथं राहायला पाहिजे.

साळुबाई : म्हंजी चोर सोडून संन्याशाला फाशी! त्यो मालक पुण्यात व्हता. मी तर उंबऱ्यातच बसलेली असते. माझ्याकडच्या पोरी काय दारू पित्यात व्हय? चहासुदिक बिनसाखरेचा पित्यात, बारीक व्हायला.

वृषाली : पण तुम्ही चौऱ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या. नियमात बसत नाही.

साळुबाई : मग नियम सैल करा की जरा!

वृषाली : ते माझ्या हातात नाही हो. सोमवारी ग्रामसभेत ठरेल. आणि एक विचारू? तुमचे सुभाषभाऊ तर परवा म्हणत होते, आईला भोसरीला न्यायचंय.

साळुबाई : तेच तर! लेक वाईट न्हाई माझा, पण टपून बसलाय. म्हणतो, "आई, पोरींची जाग हाय तवर ऱ्हा. त्या बंद झाल्या की तुला एक दिस एकटी ठेवणार न्हाई." अन् तिकडं चौथा मजला. नवरा-बायको कामाला, नात श्रेया शाळंत. मागं पंधरा दिस ऱ्हायले. सांजपातूर तोंड उघडायला माणूस न्हाई. आई रस्ता चुकंल म्हणून बाहेरून कुलूप लावून जायचे. मला न्हाई जायचं, मॅडम. मी मरंन तिथं. पाया पडते तुमच्या.

वृषाली : अहो, उठा! असं काय करता? बसा, पाणी प्या. आजी, 'जायचं नाही' एवढ्यावर सभा ऐकायची नाही. ठोस काही सांगा. त्या मुली होत्या म्हणून तुमचं काही अडलेलं निभावलं, असं काही?

साळुबाई : हाय. पण ते लिवायचं न्हाई.

वृषाली : बरं, पेन खाली ठेवलं. बोला.

साळुबाई : मागल्या एकादशीला उपास धरला, कडक. अन् साखरेची गोळी मात्र घेतली. डॉक्टर म्हणला व्हता, गोळी चुकवायची न्हाई. मोरीत गेले अन् कोसळले. तवा अक्षदा व्हती, परभणीची पोर. पेपरला निघालेली. माझी दातखीळ बसली, तर तिनं हिरड्यांना गूळ चोळला, रस्त्यावर पळत जाऊन रिक्षा आणली अन् मला मंचरला नेलं. डॉक्टर म्हणला, अर्धा तास गेला असता तर म्हातारी गेली व्हती.

वृषाली : आणि तिचा पेपर?

साळुबाई : बुडाला. पोरगी रडली न्हाई, मीच लई रडले. वर तिलाच आण घातली, कुणाला सांगू नको म्हणून.

वृषाली : सुभाषभाऊंना माहीत नाही?

साळुबाई : कळलं तर त्याच दिशी गाडी घिऊन दारात उभा राहील.

वृषाली : आजी, तुमच्या बाजूनं बोलणारी एवढी एकच गोष्ट आहे. पण खरं सांगते, सभेत कुणीतरी म्हणेलच, बघा, म्हणूनच घरात दुसरं माणूस पाहिजे.

साळुबाई : व्हतंच की दुसरं माणूस! ती पोर कोण व्हती मग?

वृषाली : (शिपायाला) सोमाजी, खिडक्या लावू नका हो, आजींचं राहिलंय. हे बघा, पाच मिनिटं आहेत. आणि आलेली प्रत्येक हरकत मला सभेत वाचून दाखवावी लागते. सुभाषभाऊ येणार आहेत का?

साळुबाई : सुट्टी टाकून येतोय. मला न्यायचं ठरवूनच.

वृषाली : म्हणजे लिहिलं तर त्यांना कळणार. नाही लिहिलं तर खोली बंद.

साळुबाई : इकडं आड, तिकडं विहीर. काय करू गं पोरी मी? तू सांग.

वृषाली : मी कसं सांगू, आजी?

साळुबाई : लिव.

वृषाली : सगळं?

साळुबाई : सगळं. मी पडल्याचं लिव. तिचं नाव लिव, पेपर बुडाल्याचं लिव. अन् खाली लिव, 'सुभाष, मी तुझ्यापासून लपवलं.'

वृषाली : आजी, हा अर्ज सरपंचांच्या नावानं आहे.

साळुबाई : ठाऊक हाय. पण त्याच्या तोंडावर मला न्हाई बोलता यायचं. तूच वाच, सावकाश.