आरशावरची नोटीस

तुमच्या ऑफिसात नोटीस बोर्ड वाचतं का रे कोणी? आमच्या तळोजाच्या कंपनीत त्याला कुत्रंही विचारत नाही. आणि कामगार कायदे बदलले की नवी नोटीस लावायची जबाबदारी माझ्यावर, कारण एचआर मी. या वेळी साहेबांनी दमच भरला, "इन्स्पेक्टर कामगारांनाच विचारणार. कोणाला सांगता आलं नाही, तर तू गेलास."

मी डोकं लढवलं. शिफ्ट सुटली की सगळे हात-तोंड धुऊन एकाच आरशासमोर भांग पाडतात. दिली नोटीस त्या आरशावरच चिकटवून. अख्खा आरसा झाकला.

पंधरा दिवसांनी इन्स्पेक्टर मॅडम आल्या. समोर सापडले आमचे वेल्डर दशरथदादा. मॅडमनी विचारलं, "नवे नियम माहीत आहेत?"

दादांनी कामाचे तास, सुट्ट्या, नेमणूकपत्र, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. मॅडम खूश. "वा! काही तक्रार?"

"हाय ना. कायदा पाठ झाला, पन आमचे भांग बगा!"

दादांनी हेल्मेट काढलं. मागच्या चौघांनीही काढली. पाचही भांग वाकडे.

मॅडमनी गंभीरपणे शेरा लिहिला, "नोटीस ठळक जागी आढळली. आरसा आढळला नाही."