मॅनेजरच्या गळ्यातला बो

लाँड्रीच्या रांगेत एका शिक्षिकेच्या पुढे एक वयस्क वेटर आणि त्याची बायको उभी होती. त्याचा काळा कोट आतून यायचा होता. बो-टायची रेशमी पट्टी मात्र त्याच्या मुठीत चुरगळत होती.

“काल मॅनेजर चारचौघांत म्हणाला, उघड्या गळ्यानं पाहुण्यांसमोर येता, लाज नाही वाटत? आणि त्याच्या गळ्यातला बो कोणी बांधला होता? मी!”

“हळू बोला, लोक ऐकताहेत.”

“ऐकू देत! हुकाचे बो बंद, हातानंच बांधायचे, हा हुकूमही त्याचाच. सहा जणांचे बांधले मी!”

“मग स्वतःचा?”

“अगं, आठ दिवस तुझ्या गळ्यावर शिकलो ना! समोरच्याचा डोळे मिटून बांधेन. आरशात पाहिलं की सगळं उलटंपालटं होतं.”

“त्याला सांगायचंत तसं.”

“सांगितलं. तर म्हणे, आजही बो नसेल तर हॉलमध्ये यायचं नाही, मागे ताटं विसळायची. बावीस वर्षं वाढतोय मी त्या हॉलमध्ये!”

“आणा ती पट्टी.”

“तुला कुठे येतंय?”

“आठ दिवस तुमचे हात माझ्या नाकाखाली होते. मी काय झोपा काढत होते? पाठ फिरवा. वाका जरा.”

“इथे? रांगेत?”

“वाका म्हणते ना!”

तो वाकला. तिने मागून, खांद्यांवरून हात घालून गाठ मारली आणि दोन्ही टोकं ओढून सारखी केली.

“आता जा खुशाल हॉलमध्ये. आणि त्यानं आज बो बांधायला गळा पुढे केलाच, तर म्हणावं, आरसा तिकडे आहे.”