ज्या चाकांवर लेक आली

मंडळी, जरा पुढं सरकून बसा. खांबाला टेकलेल्यांनीसुद्धा, खांब काही पळून जात नाही. आज एकच प्रश्न घेऊन आलोय, आणि त्याचं उत्तर मला नीट देता येईल की नाही, शंकाच आहे. माणूस मायेपोटी काहीतरी पणाला लावतो. मग त्याची किंमत कुणाला सांगावी, आणि कुणापुढं गिळावी?

ऐका. ढग दारातून आत येतात असं डोंगरातलं एक गाव. तिथं तुळशीराम भांगरे राहायचा. दारात नवीकोरी पिकअप. दुधाचे कॅन, टोमॅटोचे क्रेट, कधी एखादी वरात – सगळं त्या गाडीवर. घरची चूलसुद्धा तिच्यावरच. ड्रायव्हर मंडळी बसली आहेत समोर. माझं काही चुकलं तर पोथी वाचणारा म्हातारा म्हणून सोडून द्या.

लेक सगुणा ओढ्यापलीकडच्या वाडीत दिलेली. दर नागपंचमीला ती पायीच ओढा ओलांडून माहेरी यायची. यंदा पोटुशी. शेवाळलेल्या दगडांवर सासू पाऊल टाकू देईना, आणि तिचं बरोबरच होतं. बरं, गाडी न्यावी तर दुसरा रस्ता नाही, आणि ओढ्यात मधोमध खडक, कासवाच्या पाठीसारखा. पाणी गुडघ्याखाली असलं तरी गाडीचं पोट त्या खडकावर बसायचं. सगुणाचा फोन आला – "आबा, यंदा माझ्या वाटचा झोका तुम्हीच घ्या."

बाप हसला. मग अंगणात जाऊन रिकाम्या झोक्याकडं बघत बसला. धुकं उतरलं, झोका दिसेनासा झाला, नुसती दोरीची करकर राहिली. त्याला वाटलं, त्यावर कुणीतरी बसलंय.

गावात गेनू मिस्त्री होता. तो म्हणाला, "तुळशीभाऊ, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे वाढवू, टायर मोठे घालू. गाडी वीतभर वर. खडकच काय, खडकाचा बाप ओलांडशील."

तुळशीराम सरळ माणूस. आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेला. तिथले साहेब म्हणाले, "मामा, गाडी वर उचलली की इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा दांडा तिरका होतो. त्याचे सांधे झिजतात. ते गेले, किंवा पाटे मोडले, तर वॉरंटी मागू नका. इंजिनाला, वायरिंगला त्यापायी धक्का लागला नाही, तर तेवढी वॉरंटी राहील. आणि आरटीओत चालेल का, तेही विचारून घ्या."

"म्हणजे छत्री अर्धी फाटली म्हणा."

"अर्धीच. पण पाऊस तुमच्याकडं जोराचा असतो, मामा."

आता बघा. एका तागडीत घरची भाकरी. सांधा गेला की गाडी उभी, गाडी उभी की दूध कोण नेणार? दुसऱ्या तागडीत काय? रिकामा झोका. तुम्ही कुठं वजन टाकलं असतं? मला विचारू नका. मी भित्रा, मी पोथी उघडून पंचमी संपायची वाट बघितली असती.

आरटीओत विचारून झालं, आणि तुळशीरामानं गेनूकडून गाडी वर उचलून घेतली.

पाऊस थांबलेल्या सकाळी तो ओढ्यात उतरला. वर धुकं, खाली पाणी, मधे गाडी. टायर दिसत नव्हते, रस्ता दिसत नव्हता. वाटावं, ही नावच आहे, आणि काठ कधी येऊच नये. खडक पोटाखालून सरकला, चाटूनही गेला नाही. पलीकडं सगुणा डब्यात दिंडं घेऊन उभी. तिनं गाडीच्या पायरीकडं बघितलं आणि हसायलाच लागली.

"आबा, हत्ती आणलात. माहूत कुठाय? माझा पायच पोचत नाही."

खरंच की! सगळा हिशेब झाला होता, पण पोटुशी बाई एवढ्या उंच चढणार कशी, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. तुळशीरामानं धोतर खोचलं आणि चिखलात गुडघे टेकले.

"ठेव पाय."

"तुमच्या पाठीवर?"

"लहानपणी घोडा करायचीस, तेव्हा विचारायचीस का?"

गाडी वीतभर वर गेली होती मंडळी, आणि बाप तिच्याहून खाली आला होता.

परतीला चढावर गाडीखालून आवाज सुरू झाला. खट्... खट्... बापाला कळलं.

"आबा, कसला आवाज?"

"बेडूक."

"गाडीबरोबर पळणारे?"

"तुझ्या माहेरचे आहेत. तुला न्यायला आलेत."

पंचमी झाली. पहिलं बाळंतपण म्हणून सगुणा माहेरीच राहिली. आवाज वाढला तसा गेनू म्हणाला, "भाऊ, जुने पाटे, जुने टायर परत घालतो. धुऊनपुसून सर्व्हिसला ने. म्हण, आपोआप झालं."

तुळशीरामानं टायरवर हात ठेवला. म्हणाला, "ज्या चाकांवर लेक घरी आली, ती चाकं नव्हतीच म्हणू?"

गाडी तशीच उंच घेऊन गेला. साहेबांना खरं सांगितलं. साहेबांनी मान हलवली. सांधा वॉरंटीत बसला नाही. सुटा भाग येईपर्यंत गाडी झाडाखाली उभी, आणि तुळशीराम कॅन खांद्यावर घेऊन डेअरीला जायचा.

"आबा, गाडी का हो उभी?"

"दमलीय बाई. हत्तीसुद्धा दमतो."

म्हणजे साहेबापुढं खरं बोलला, लेकीपुढं खोटं! याचं पाप किती, हे माझ्यासारख्यानं सांगू नये. पण आपण नेमकं उलटं करतो. जिथं 'हो, मीच केलं' म्हणायचं, तिथं टायर बदलून जातो. आणि ज्याच्यासाठी केलं, त्याला मात्र जेवताना, सणाला, चारचौघांत ऐकवतो – तुझ्यासाठी मी काय काय सोसलं! आज घरी गेल्यावर आठवून बघा, ताटावर बसलेल्या कुणाला आपण हे ऐकवलंय.

आता विठ्ठलाचं नाव घ्या. पण हळू घ्या. बाहेर बेडूक ओरडतायत. कुणाच्या तरी बापाची गाडी जात असेल.