टेकायचा पाय

—नाही, तिकडे उन्हात कशाला, इथे बसा साहेब, पायरी पुसलीये मी. इथून दोन्ही खांब नीट दिसतात. ती निळ्या मोज्यांतली, तीच माझी भाची. बहीण गेली तेव्हापासून माझ्याकडेच आहे — आई मीच, मावशीही मीच, ओरडा दुप्पट बसतो बिचारीला! तुमच्या संघाला फक्त किक मारणारी हवीये ना? पळणारी नको? मग डोळे झाकून घ्या हिला.

मी लाँड्रीत इस्त्री करते, पण किकमधलं काय वाट्टेल ते विचारा. तीन तऱ्हेचे फुटबॉल खेळलीये ही. आधी आपला नेहमीचा, गोल चेंडूचा. त्यात घोटा ताठ धरायचा आणि बुटाची लेस बांधतो ना, तिथल्या हाडाने मारायचं — अंगठ्याने मारलं की चेंडू भलतीकडे आणि नख काळं. छान खेळायची हो. सोडलं का? सोडलं असं नाही — फार पळावं लागतं त्यात, गर्रकन वळावं लागतं. म्हणून रग्बी. तिथे अंड्यासारखा चेंडू हातातून सोडायचा, जमिनीला लागून उसळतो न उसळतो तोच पाय बसला पाहिजे. पण मेल्या अंगावर येऊन पाडतात. म्हणून मग हा तुमचा, हेल्मेटवाला, अमेरिकन फुटबॉल. एकीने चेंडू उभा धरायचा, हिने यायचं, मारायचं, बाकावर जाऊन बसायचं. दोन-तीन पावलं, बस्स. तेवढी टाकते ती.

म्हणजे? सगळ्यांसारखीच टाकते हो! लंगडत नाहीये, ढबच तशी आहे तिची.

लोक मारायचा पाय बघतात, मी टेकायचा बघते. कुठलाही चेंडू असू दे, सगळं अंग त्या एका गुडघ्यावर फिरतं. हिचा डावा — नाही नाही, चांगलाय. पट्टी काय, सगळ्याच बांधतात. डॉक्टर म्हणे ऑपरेशन करा, वर्षभर किक बंद. वर्षभराने तुम्ही येणार आहात का परत? मग काय, माझ्या शेजारी इस्त्रीला उभी करू तिला? दिवसभर उभं राहावं लागतं तिथे, हिला तर सकाळी मोरीपर्यंत — जाऊ द्या. पाणी देऊ?

खरं तर तुम्ही सकाळी येणार होतात. त्या बेतानेच सुई दिली मी तिला. दुपारपर्यंत पुरते ती, आणि आता बघा किती वाजले! ताकदीची हो, ताकदीची सुई. काल रडली थोडी, "मावशी, बस झालं" म्हणाली. ते रडणं मला बघवतं असं वाटतं तुम्हाला? जीव तुटतो हो. पण एकदा तुम्ही घेतलंत की तुमचे डॉक्टर आहेतच, मग करू दे काय करायचं ते. आजचा दिवस निभावला पाहिजे, एवढंच.

थांबा, आली बघा. मान खाली, शाब्बास. पाय टेकला — गेला! मधोमध गेला, बघितलंत? … कुठे निघालात? अहो, पडली म्हणून काय झालं, उठते ती, दरवेळी उठते. तिच्याकडे नका बघू तुम्ही, चेंडू मधून गेला की नाही ते सांगा ना. आधी लिहा तेवढं. साहेब! — ए, ऊठ. ऊठ गं बाई. साहेब बघतायत. ऊठ —